बसा, बसा, उठू नका!

आपल्याकडे वयस्क माणसाला निकामी करायचा सगळ्यात सभ्य मार्ग म्हणजे त्याला खुर्ची देणं. पाण्याचा तांब्या हातात आणून द्यायचा, भाजीची पिशवी काढून घ्यायची, जिना दिसला की ‘लिफ्टनं या हो’ म्हणायचं, आणि एवढं करूनही त्यानं उठायची नुसती हालचाल केली तर चार जणांनी एकदम ओरडायचं, ‘बसा, बसा, उठू नका!’ याला आपण संस्कार म्हणतो. माझ्या लेखी हे माणसाचे हातपाय हळूहळू बांधून टाकणं आहे. बांधणारे सगळे मनापासून प्रेमळ असतात, ही त्यातली खरी पंचाईत. दुष्ट असते तर निदान भांडता आलं असतं.

मी कोल्हापूरची, वय ६६. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि वेताची आरामखुर्ची मिळाली. साहेब भाषणात फिरून फिरून एकच सांगत होते, ‘मॅडम, आता आराम करा.’ सगळी नोकरी मी खुर्चीतच बसून केली होती, हे त्यांच्या ध्यानात कसं आलं नाही कोण जाणे. आराम तर पगार घेऊन झाला होता. तो इतका झाला होता, की कचेरीचा जिना चढताना कठडा सोडवत नव्हता.

म्हणून राजारामपुरीतल्या एका जिममध्ये नाव घातलं. तिथल्या ट्रेनर पोरानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कोपऱ्यातून दोन डंबेल्स आणून हातात ठेवली. एकेक किलोची, वरून प्लास्टिक मढवलेली, गुलाबी. ‘काकू, ही तुमची.’ घरी मी दळणाचा डबा गिरणीतून आणते, पाण्यानं भरलेली कळशी ओट्यावर चढवते, गॅसचं सिलिंडर कडेनं गोल फिरवत पार गॅलरीतून आत नेते, आणि इथं माझ्या नशिबी हा गुलाबी किलो! ‘ती लोखंडी दांडी दे,’ म्हटल्यावर त्यानं तोच प्रश्न विचारला, जो माझ्या वयाच्या प्रत्येक बाईला गावभर विचारला जातो : ‘झेपंल काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. त्याला तुम्ही परत खुर्चीत बसायला हव्या असता. पोरगं मुळात भलं होतं, शिकलं आणि शिकवलंही. पण पहिल्या दिवशी त्याच्या डोळ्यांत जे होतं ते सगळ्या समाजाच्या डोळ्यांत आहे.

आता कोल्हापूर म्हणजे काही साधंसुधं गाव नव्हे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं केलं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी आम्हाला घरच्या पत्त्यासारख्या पाठ. अशा गावात तरी व्यायामाबद्दल काही शहाणपण असेल असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात इथला हिशेब असा, की व्यायाम ही पोरानं मिसरूड फुटल्यापासून लग्न ठरेपर्यंत करायची गोष्ट. पोरीनं तर तीही नाही. अंगाला तांबडी माती लागायची थांबते, खुराक मात्र तसाच चालू राहतो. रात्री दूध कट्ट्यावर जाऊन बघा. पोट सुटलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले काका धारोष्ण दुधाचा ग्लास हातात धरून सांगत असतात, ‘आमच्या वेळी हजार जोर आन् दोन हजार बैठका, नाश्त्याच्या आधी.’ ऐकणारे माना डोलावतात. मी एकदा विचारलं, ‘आणि आता किती?’ विषय एकदम पंचगंगेच्या पुराकडे वळला.

तरुणपणी केलेला व्यायाम ही मुदत ठेव नव्हे, की साठीनंतर नुसतं व्याज खात बसावं. अमेरिकेत २०१९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशी ओलांडलेल्या तीन लाखांहून अधिक माणसांना तरुणपणापासूनच्या हालचालीच्या सवयी विचारल्या होत्या आणि पुढे कोण जगलं, कोण गेलं याची नोंद ठेवली होती. ज्यांनी चाळिशी ते साठीच्या टप्प्यात व्यायाम वाढवला, त्यांचा मृत्यूचा धोका कायम बैठ्या राहिलेल्या लोकांपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी निघाला. आयुष्यभर घाम गाळणाऱ्यांचा आकडाही जवळजवळ तेवढाच. आणि जे तरुणपणी पुष्कळ करायचे पण पुढे सुटले, त्यांच्या पदरी त्या जुन्या घामातलं फारसं काही उरलेलं नव्हतं. माणसं आठवून सांगतात तेव्हा बैठकांचा आकडा फुगतो, हे दूध कट्ट्यावर उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तेव्हा टक्क्यांवर मी डोकं फोडणार नाही. रोख मात्र स्पष्ट आहे. उशिरा आलेल्याला पंगतीत पान मिळतं, आणि आधी जेवून गेलेल्याची भूक पुन्हा लागतेच.

पण मला खरी चीड आहे ती ‘आराम’ या गोष्टीची, तेव्हा तिच्याकडेच येते. १९६६ मध्ये डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. उठायचं नाही, चालायचं नाही. त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरायची ताकद किती घसरली ते मोजलं. तीस वर्षांनी, ही पोरं पन्नाशीची झाल्यावर, संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा गाठलं. दरम्यान त्यांची वजनं वाढली होती. तरीही तीस वर्षांच्या म्हातारपणानं जे नुकसान केलं, त्याहून जास्त नुकसान विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या झोपेनं केलेलं निघालं. मग त्यांना सहा महिने चालणं, जॉगिंग, सायकल असा व्यायाम दिला. वयापोटी गेलेली ती क्षमता परत पहिल्या पातळीवर आली. हे वाचल्यावर मी ती आरामखुर्ची भाचीला देऊन टाकली. तिला कपडे टाकायला उपयोगी पडते.

आणि ती डॅलसची पोरं तरी विशीतली होती. २००७ मध्ये अमेरिकेतच सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी स्त्री-पुरुषांना दहा दिवस झोपवून पाहिलं. दहा दिवसांत एकेकाच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. चरबी नव्हे, मांस. आता आपल्या घरात काय चालतं ते आठवा. आमच्या मागच्या गल्लीतल्या एक आजी डेंग्यूनं दवाखान्यात होत्या. घरी आल्या त्या आपल्या पायांनी. मग सुरू झाली सेवा. सून तोंड धुवायला तसराळं आणून देई, मुलगा उचलून बाथरूमला नेई, नातवंडं टीव्हीचा रिमोट उशाशी ठेवीत. आलं-गेलं माणूस म्हणे, ‘नशीबवान आहात हो आजी, अशी सेवा कोण करतंय आजकाल!’ महिन्यानं त्यांना उभं करायला गेले तर पायांत जोर नाही. पुढं न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. सगळे म्हणाले, डेंग्यूनं घात केला. डेंग्यू तर केव्हाच बरा झाला होता. मी हे त्या सुनेला सांगू शकत नाही, कारण तिनं खरोखर रात्रंदिवस कष्ट केले आहेत. इथं लिहिते.

याच्या उलट काय होऊ शकतं तेही बघा. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियाटारोने या डॉक्टरबाईंनी सरासरी नव्वद वर्षांची दहा माणसं घेतली. कुणाला संधिवात, कुणाला हृदयविकार, कुणाचं आधी हाड मोडलेलं. त्यांच्याकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं. गुलाबी नव्हे, एकेकाच्या ताकदीच्या ८० टक्क्यांपर्यंतचं. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी भरला. दोघांच्या हातातली काठी सुटली. नव्वदीत! आणि व्यायाम बंद केल्यावर चारच आठवड्यांत ताकद पुन्हा घसरायला लागली, हेही त्याच अहवालात आहे. तेव्हा ‘एकदा केलं की झालं’वाल्यांनी खूश होऊ नये. एवढ्या थोड्या दिवसांत स्नायू काही दुप्पट-तिप्पट होत नाही. होतं असं, की वापराविना निजलेले तंतू मेंदूकडून पुन्हा हाक मिळायला लागल्यावर कामाला लागतात. मांस मागाहून भरतं. म्हणजे ज्यानं कधीच काही केलेलं नाही त्याला सुरुवातीला सगळ्यात जास्त मिळतं. ज्या वयात आपण माणसाला बसवतो, नेमकं त्याच वयात उठण्याचा मोबदला सगळ्यात मोठा.

डॉक्टर मंडळी हे सांगत नाहीत काय? गुडघा दुखतो म्हणून जाऊन बघा. मांडी घालू नका. उकिडवं बसू नका. जिना टाळा. वजन उचलू नका. जमिनीवर झोपू नका. ‘नका’ची यादी चिठ्ठीच्या तळापर्यंत जाते. करायचं काय, तर दारापर्यंत पोचल्यावर मागून आवाज येतो, ‘थोडं चालत जा.’ थोडं म्हणजे किती? रक्तदाबाची गोळी कुणी ‘थोडी थोडी घेत जा’ असं लिहून देतं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मात्रा चक्क लिहून दिली आहे : आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम दमछाकीचा व्यायाम, किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा, आणि पासष्टीपुढच्यांसाठी तोल सांभाळायचा आठवड्यातून तीन दिवस. ब्रिटनमधली ‘नाइस’ ही संस्था सरकारी आरोग्यसेवेला उपचारांची दिशा ठरवून देते. तिच्या २०२२ च्या सूचनांत गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम सगळ्यांना द्या असं आहे. सुरुवातीला दुखणं थोडं वाढेल, नेटानं केलं तर कमी होईल, हे रुग्णाला सांगा असंही आहे. आणि ग्लुकोसामाइन देऊ नका असंही. आमच्या गल्लीत ग्लुकोसामाइनची डबी नसलेलं घर शोधून दाखवा. त्यावर मंगल कार्यालयातून घेतलेली चुंबकाची गादी, मोबाइलवर आलेलं तेल आणि कुण्या गुरुजींचा काढा. हजारो रुपये गुडघ्याला चोळून होतात. मांडीचा स्नायू, जो त्या गुडघ्याचा भार घेतो, त्याच्या वाटेला कुणी जात नाही.

छातीत कळ येत असेल, चक्कर येत असेल, साखर-रक्तदाब हाताबाहेर असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. हे सांगितलं. आता या वाक्याच्या आड लपायचं नाही.

रंकाळा तलावावर सकाळी चालणारी गर्दी बघून कुणी म्हणेल, बाई उगाच ओरडतेय. त्या गर्दीत मीही असते. तिघी-चौघी हातात हात घालून, सुनांच्या तक्रारी सांगत, इतक्या संथ चालतात की मागून येणाऱ्या शाळकरी पोराला रस्ता मिळत नाही. पुरुषांची टोळी एक फेरी मारून मिसळीला वळते. काहीच नसण्यापेक्षा हे बरं, यात वाद नाही. पण चालण्यानं दम वाढतो, पायांत जोर फारसा येत नाही, आणि हाताखांद्याला तर काहीच मिळत नाही. तुमचं उरलेलं आयुष्य कसं जाणार हे रंकाळ्याची फेरी ठरवत नाही. जमिनीवरून कशालाही न धरता उठता येतं की नाही, ते ठरवतं. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वर्षांच्या दोन हजार माणसांना एवढंच करायला लावलं होतं, खाली बसा आणि उठा. ज्यांना सगळ्यात कमी जमलं त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण कितीतरी पट जास्त होतं. आपल्याला ही परीक्षा ब्राझीलनं घ्यावी! पाटावर जेवलो, उकिडवं बसून भांडी घासली, जात्याशी बसलो, आणि आता श्राद्धाच्या जेवणालाही टेबल-खुर्ची लागते. भटजीसुद्धा स्टूल मागतात.

बायकांच्या बाबतीत तर निर्लज्जपणाची कमाल आहे. ‘तिला कशाला व्यायाम? घरकामात होतोय की!’ हे वाक्य नेहमी सोफ्यावरून येतं. घरकामानं बाई दमते, बळकट होत नाही. तीच कणीक, तेवढीच, तशीच, चाळीस वर्षं. शरीर भार वाढला तरच वाढतं. रोज तोच भार असेल तर ते आहे तिथं राहतं आणि वयाबरोबर उतरतं. २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे भारतातल्या ५७ टक्के स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, पुरुष ४२ टक्के. घरकामात व्यायाम होतो म्हणणाऱ्यांनी हे आकडे उलटे का नाहीत ते सांगावं.

आणि पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात तेव्हा बाईला काय सांगतात? जपून. हलकं काहीतरी करा. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या १०१ बायकांवर एक प्रयोग झाला, सरासरी वय ६५. निम्म्या बायकांना घरी करायचे हलके व्यायाम दिले. उरलेल्यांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जाणकाराच्या नजरेखाली भारी वजनं : जमिनीवरून दांडी उचलायची, खांद्यावर घेऊन बैठका, डोक्यावर ढकलायची, शिवाय उडी मारून धपकन उतरायचं. आठ महिन्यांनी वजनवाल्यांच्या कण्याची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली, हलकंफुलकं करणाऱ्यांची एक टक्क्यानं घटली. म्हणजे जपणाऱ्यांचं गेलं आणि उचलणाऱ्यांचं आलं. ‘जाणकाराच्या नजरेखाली’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. उद्या कुणी उठून धान्याचं पोतं उचलायला गेलं तर माझं नाव सांगू नये.

तुम्ही म्हणाल, सोय कुठे आहे? सरकारनं केली आहे की, बागेत ‘ओपन जिम’! पिवळ्या-निळ्या रंगाची यंत्रं, त्यांवर उद्घाटकाचा फोटो आणि नाव, यंत्राच्या सांध्यापेक्षा पाटी भक्कम. बहुतेकांवर उभं राहून नुसतं झुलायचं. भार वाढवायची सोय नाही, कसं करायचं हे सांगणारं कुणी नाही. पहिल्या पावसाळ्यात बेअरिंग जाम होतं आणि त्यानंतर माळी त्यावर फडकी वाळत घालतो. एका यंत्राच्या पैशात शिकवणारी बाई किती महिने ठेवता आली असती? पण बाईला कोनशिला लावता येत नाही.

हे सगळं ऐकून घेतल्यावर लोक हमखास फौजासिंगांचं नाव काढतात. ‘ते वेगळेच होते हो.’ फौजासिंग ८९ व्या वर्षी लंडनची मॅरेथॉन धावले, २०११ मध्ये, त्यांच्या पासपोर्टप्रमाणे शंभराव्या वर्षी, टोरंटोची पूर्ण केली, आणि जुलै २०२५ मध्ये जालंधरजवळ आपल्या गावी रस्ता ओलांडताना गाडीनं उडवल्यामुळे गेले. जन्माचा दाखला नाही म्हणून गिनेसनं विक्रम मानला नाही, तो भाग सोडा. आपण त्यांचं काय केलं? चमत्कार करून टाकलं. एकदा माणसाला चमत्कार म्हटलं की हार घालायचा, फोटो पुढे पाठवायचा आणि पुन्हा टेकून बसायचं. औंधच्या राजाचं, भवानराव पंतप्रतिनिधींचं हेच केलं. त्यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, स्वतः उतारवयापर्यंत घातले, सत्तरीच्या घरात, १९३८ मध्ये, इंग्लंडात त्यावर पुस्तक निघालं. आपल्याकडे उरली फक्त रथसप्तमी. त्या दिवशी मैदानात सामूहिक नमस्कार होतात. मुलं घालतात. ज्येष्ठ मंडळी व्यासपीठावर, खुर्चीत.

पंच्याहत्तरीला अमृतमहोत्सव करतात, तेव्हा तर माणसाला तराजूतच बसवतात. एका पारड्यात सत्कारमूर्ती, दुसऱ्यात साखर नाहीतर वह्या. वजन उचलायला नको, वजन व्हायला चालतं.

आमच्या भागात ज्येष्ठांचा एक संघ आहे. मी सभासद आहे. एका सद्गृहस्थांनी संघाला देणगी दिली तेव्हा मी सभेत मांडलं, की या पैशात दोन लोखंडी दांड्या, वेगवेगळ्या वजनांच्या चकत्या आणि चार रबरी चटया घेऊ, आणि जिममधल्या त्या ट्रेनर पोराला आठवड्यातून दोन सकाळी बोलावू. तो येतो म्हणालाय. सभागृहात गंभीर शांतता पसरली. मग एकानं विचारलं, कुणाला काही झालं तर जबाबदार कोण? दुसऱ्यानं विचारलं, महिला वर्गाला शोभेल का? तिसऱ्यांना काही विचारायचं होतं, पण त्यांना उठून उभं राहायला वेळ लागला आणि तोवर ठराव झाला : चाळीस खुर्च्या, स्टीलच्या, पाठीला गादी असलेल्या. इतिवृत्तात माझ्या नावापुढे ‘सूचना केली, चर्चा झाली’ एवढंच आहे.

गेल्या आठवड्यात खुर्च्या आल्या. टेम्पोवाला दारात उतरवून निघून गेला, सभागृह पहिल्या मजल्यावर. कार्यकारिणीतले सातही जण खुर्च्यांभोवती उभे राहून हमालाचा नंबर शोधत होते. शेवटी कुणीतरी मला फोन केला. मी गेले, दोन्ही हातांत दोन-दोन घेतल्या आणि जिना चढायला लागले. खालून अध्यक्षांचा आवाज आला, ‘वहिनी, जपून हं! वय झालंय आता.’